शेवटच्या घरापासून मोजायला सुरुवात करा: वृद्धसेवा शहरात आणि गावात न्याय्यपणे पोहोचवण्याची पद्धत

खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या दोन आज्या डोळ्यांसमोर आणा. दोघींनाही आठवड्यातून ३ वेळा फिजिओथेरपीला यायला सांगितलंय. एक शहरात राहते, केंद्रापासून चालत १० मिनिटांवर, पण चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दुसरी ४० किलोमीटर लांबच्या गावात राहते. सकाळची बस धरली तर परतीची थेट संध्याकाळी. कागदावर दोघींच्या नावापुढे ‘सेवा उपलब्ध’ अशी खूण आहे. प्रत्यक्षात पहिली घराबाहेरच पडत नाही आणि दुसरी एकदा जाऊन येते ती पुन्हा म्हणून जात नाही. दोन महिन्यांत दोघींचेही पाय आखडतात.

वृद्धांच्या वाट्याला येणारा अन्याय बहुतेक वेळा असाच असतो. कुणी दार लावून घेत नाही, कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. सेवा असते, माणूस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीभोवती रचल्या आहेत: केंद्रं किती आहेत ते मोजून फारसं काही कळत नाही, वृद्ध माणसाच्या उंबरठ्यापासून ती किती लांब पडतात ते मोजावं लागतं. आणि हे मोजणं सगळ्यांत लांबच्या घरापासून सुरू करावं लागतं.

ही काही नवी जाण नाही. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवणारे डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी मिळते आणि जिथे गरज कमी तिथे ती जास्त मिळते. वृद्धांच्या बाबतीत हे आणखी टोचतं. तरुण माणसं कामासाठी शहराकडे जातात, मागे राहिलेल्यांची वयं वाढत जातात आणि डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्टही त्या तरुणांबरोबरच शहरात गेलेले असतात.

हे मार्गदर्शन स्थानिक प्रशासनात काम करणाऱ्यांना, संस्थांना, ज्येष्ठांच्या संघांना आणि ‘आपल्या भागात काहीतरी करूया’ म्हणणाऱ्या चार-पाच जणांच्या गटालाही उपयोगी पडेल. सुरुवात छोटी ठेवा: शहरातला एक भाग आणि त्याला जोडलेली काही गावं. मात्र दोन्ही एकाच वेळी हातात घ्या. ‘आधी शहरात घडी बसवू, मग गावाकडे वळू’ असं ठरलं की गावाची पाळी येत नाही. पैसा, माणसं आणि उत्साह तिन्ही शहरातच खर्ची पडतात.

पायरी १: वचन लिहून काढा

‘सर्व ज्येष्ठांना दर्जेदार सेवा’ या वाक्याला कुणी जाब विचारू शकत नाही, म्हणून ते कामाचं नाही. वचन असं लिहा की ते मोडलं तर शेजारच्या माणसालाही कळेल. उदाहरणार्थ: अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या घरी आठवड्यातून किमान एकदा प्रशिक्षित माणूस जाईल. रुग्णालयातून घरी सोडलेल्या प्रत्येक वृद्धाकडे २ दिवसांच्या आत कुणीतरी पोहोचेल. चालू शकणाऱ्या कुणालाही रक्तदाब आणि साखर तपासायला घरापासून अर्ध्या तासापेक्षा जास्त जावं लागणार नाही.

अर्ध्या तासाचं हे माप हवेतलं नाही. जपानने २००० साली वृद्धसेवेसाठी सार्वत्रिक विमा सुरू केला. ४० वर्षांपासून पुढच्या सर्वांनी हप्ता भरायचा आणि गरज ठरली की सेवा हक्काने मिळवायची. पुढे तिथे सेवांची आखणी करताना साधारण ३० मिनिटांत पोहोचता येईल एवढा परिसर हे एकक धरलं गेलं. घर, उपचार, शुश्रूषा आणि रोजची मदत त्या परिसरातच जुळवायची, असा त्यामागचा विचार. एकक वेळेचं आहे, किलोमीटरचं नाही, हे लक्षात घ्या.

वचन लिहिताना समान आणि न्याय्य यांतला फरक गटातल्या प्रत्येकाला पटेपर्यंत बोला. दाट वस्तीत एक नर्स दिवसाला ८ घरं करत असेल, तर विखुरलेल्या वाड्यांमध्ये तिची ३ किंवा ४ घरंच होतील. दोन्हीकडे माणशी सारखा पैसा दिला, तर वाडीवरच्या म्हातारीला शहरातल्या म्हातारीच्या निम्म्या भेटी मिळतील. समान वाटप इथे उघड अन्याय ठरतं. भेटी समान हव्या असतील तर खर्च असमान करावा लागेल, आणि तसा तो करणार आहोत हे आधीच कबूल करून ठेवा. नंतर हिशेब बघून कुणीतरी ‘गावात खर्च जास्त येतोय, कमी करा’ म्हणतंच.

संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी जी तत्त्वं स्वीकारली त्यांचे ५ गट आहेत: स्वावलंबन, सहभाग, काळजी, आत्मविकास आणि प्रतिष्ठा. वचनाचा मसुदा या पाचांवर घासून पाहा. बहुतेक मसुदे ‘काळजी’पाशी थांबलेले असतात. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्यातले दोन-तीन जण मसुदा लिहिताना खोलीत बसले असतील, तर बाकीच्या चार तत्त्वांची आठवण आपोआप राहते.

पायरी २: जे कधी आलेच नाहीत त्यांची यादी

दवाखान्याची किंवा केंद्राची नोंदवही बघून गरज ठरवू नका. नोंदवहीत जे पोहोचले तेच असतात. आपल्याला हवेत न पोहोचलेले, आणि त्यांना शोधायला पायीच फिरावं लागतं. मतदार यादीतली वयं हा एक धागा. गावात पोस्टमन, दुकानदार आणि आरोग्य कार्यकर्त्या यांना कुठल्या घरात कोण पडून आहे ते माहीत असतं. शहरात इमारतीचा वॉचमन, घरकामाला जाणाऱ्या बाया आणि औषधाच्या दुकानातला माणूस यांच्याइतकी माहिती कुणाकडेच नसते.

काही जण हमखास सुटतात, त्यांच्यासाठी वेगळं शोधावं लागतं. कागदपत्रं नसलेल्या विधवा बायका. मुलाकडे राहायला आलेले पण त्या पत्त्यावर कुठेच नोंद नसलेले आईवडील. भाड्याच्या खोल्या बदलत राहणारे. ‘कुटुंबासोबत राहतात’ म्हणून सुखरूप धरलेले, पण सकाळी ८ ते रात्री ८ एकटे असणारे. आणि एकमेकांना सांभाळणारी म्हातारी जोडपी. त्यांच्यातला जो जरा धडधाकट दिसतो, त्याच्या दुखण्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

भेटीत काय विचारायचं यासाठी जुन्या, पारखलेल्या पद्धती आहेत. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रोजच्या ६ गोष्टी ठरवल्या: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठून दुसरीकडे बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्यात स्वतंत्रपणे राहायला लागणारी कामं जोडली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं घेणं, पैशांचा व्यवहार. शहरातला माणूस अनेकदा दुसऱ्या यादीत अडतो, कारण शहरात स्वतंत्र राहायचं तर ही कामं टाळताच येत नाहीत. गावात ती शेजारपाजारचे करून देतात, त्यामुळे अडचण झाकली जाते आणि थेट पहिल्या यादीतली गोष्ट बंद पडल्यावरच कळते. एकच फॉर्म दोन्हीकडे वापरा, पण वाचताना हे ध्यानात ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेची वृद्धांच्या एकात्मिक काळजीची पद्धत अगदी सामान्य कार्यकर्त्यालाही करता येईल इतकी सोपी आहे. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने आठवायला सांगायचे. आजचा दिवस कोणता, आपण कुठे आहोत हे विचारायचं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून ५ वेळा उठबस १४ सेकंदांत होते का ते पाहायचं. खुर्ची भिंतीला टेकवलेली आणि बाजूला सावरायला माणूस हवाच. गेल्या ३ महिन्यांत न ठरवता वजन ३ किलोपेक्षा जास्त उतरलं का, भूक मंदावली का, दिसण्याचा त्रास आहे का, कुजबुजलेलं ऐकू येतं का, गेल्या २ आठवड्यांत मन उदास आहे का किंवा कशातच रस वाटेनासा झालाय का. कुठेही अडलं तर पुढची तपासणी. यातून आजाराचं निदान होत नाही, पण कुणाकडे आधी जायचं ते ठरतं.

विचारण्याची पद्धत मात्र फॉर्ममध्ये नसते. ‘आंघोळ स्वतः करता का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येणार. कुणाला परक्यासमोर लाचार दिसायचं असतं? त्याऐवजी ‘काल दिवस कसा गेला, सकाळपासून सांगा’ म्हणा आणि ऐका. शेवटची आंघोळ कधी झाली, पाणी कुणी काढून दिलं, रात्री उठावं लागलं तर कुणाला हाक मारता, हे गोष्टीच्या ओघात येतं. घरच्यांशी आणि वृद्धाशी वेगवेगळं बोला. सुनेला दमायला होतंय हे सासूसमोर सांगता येत नाही, आणि आपल्याला कुणी हिडीसफिडीस करतं हे सासूला सुनेसमोर सांगता येत नाही.

आणखी एक काळजी. एकटे राहणाऱ्या वृद्धांची पत्त्यासह यादी ही चोराच्या हाती पडली तर घात करणारी गोष्ट आहे. ती गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. कुणाकडे राहील, कोण उघडेल हे ठरवा आणि नाव नोंदवण्याआधी त्या व्यक्तीची परवानगी घ्या. ‘नको’ म्हणणाऱ्याचा नकार मान्य करा, आणि काही दिवसांनी पुन्हा जाऊन विचारा.

पायरी ३: अंतर मोजा, पण नकाशावर नाही

नकाशावर केंद्राभोवती वर्तुळ काढून ‘५ किलोमीटरच्या आत इतके लोक’ असं म्हणणं फार सोपं आहे आणि फार फसवं आहे. वर्तुळाला नदी दिसत नाही, पावसाळ्यात बंद होणारा रस्ता दिसत नाही, शेवटची बस दुपारीच सुटते हे दिसत नाही. शहरात त्याला जिना दिसत नाही, ओलांडता न येणारा रुंद रस्ता दिसत नाही.

एकच गोष्ट करा: खऱ्या वृद्ध माणसाबरोबर, त्यांच्या वेगाने, घरापासून सेवेपर्यंत आणि परत असा एक पूर्ण फेरा स्वतः करा. गावातून ३ आणि शहरातून ३ असे ६ फेरे झाले तरी जे कळतं ते कुठल्याही अहवालात सापडत नाही. प्रत्येक फेऱ्यात घड्याळ लावून लिहा: तयार व्हायला लागलेला वेळ, थांब्यापर्यंतचं चालणं, वाट पाहणं, प्रवास, रांग, तपासणी, दुसऱ्या इमारतीतल्या चाचणीची रांग, औषधांची रांग, परतीची वाट. सोबत कोण आलं आणि त्याची किती मजुरी बुडाली किंवा रजा गेली. आणि वाटेत शौचालय कुठे कुठे होतं. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. लघवीवर नीट ताबा नसलेली बाई ४ तास शौचालय मिळणार नाही या भीतीने आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही, नाहीतर जाणंच रद्द करते. तिची गैरहजेरी नोंदवहीत ‘निष्काळजीपणा’ म्हणून लागते.

या सहा फेऱ्यांनंतर प्रत्येक सेवेसाठी एक आकडा ठरवा: एका भेटीसाठी किती माणसांचा किती वेळ जातो. शहरातल्या आजोबांसाठी तो दोन माणसांचे ३ तास निघेल, गावातल्यांसाठी दोन माणसांचा अख्खा दिवस. त्याला हेलपाट्यांनी गुणा. ‘उद्या या, आज डॉक्टर नाहीत’ हे वाक्य शहरात चिडचिड करवतं, गावात उपचार थांबवतं.

यातून कुठल्या अडचणी खूप कमी खर्चात सुटतील तेही दिसतं. बसच्या वेळेनुसार लांबून येणाऱ्यांसाठी ठेवलेली मधली वेळ, एकाच दिवशी लावलेल्या तपासण्या, डॉक्टर आज आहेत की नाहीत हे सांगणारा सकाळचा फोन. नवं केंद्र बांधण्याआधी हे करून पाहा.

पायरी ४: घरी काय न्यायचं, जवळ काय ठेवायचं, शहरात काय राहू द्यायचं

सगळं सगळीकडे देता येत नाही, आणि तसा आव आणला तर कुठेच धड काही मिळत नाही. सेवांची तीन टोपल्यांत वाटणी करा.

पहिली टोपली घराची. जखमेची मलमपट्टी, लघवीची नळी सांभाळणं, अंथरुणावरची स्वच्छता, व्यायाम करून घेणं, वेदनेवरची औषधं, शेवटच्या आजारातली सोबत. जो उठू शकत नाही त्याच्याकडे सेवेनेच जावं, याला शहर-गाव असा अपवाद नाही. घरभेटीत घरच्यांना शिकवणं हे उपचाराइतकंच महत्त्वाचं धरा: दर दोनेक तासांनी कूस कशी बदलायची, पाठीवरची लालसर जागा जखम होण्याआधी कशी ओळखायची, भरवताना माणसाला सरळ का बसवायचं, पलंगावरून खुर्चीत घेताना स्वतःची कंबर कशी सांभाळायची. आठवड्यातून एकदा येणाऱ्या नर्सपेक्षा उरलेले ६ दिवस घरात असणाऱ्या हातांवर बरंच काही अवलंबून असतं.

दुसरी टोपली जवळची, म्हणजे अर्ध्या तासातली. रक्तदाब, साखर, औषधं पुन्हा भरून घेणं, डोळे आणि कान तपासणं, काठी-वॉकर मापाप्रमाणे निवडणं, चार लोकांत बसणं. यासाठी स्वतंत्र इमारत लागत नाही. शाळेची रिकामी खोली, समाजमंदिर, शहरात सोसायटीचं तळमजल्यावरचं सभागृह चालतं. लागतो तो ठरलेला वार. महिन्याचा दुसरा मंगळवार म्हणजे दुसरा मंगळवार, पाऊस असो की निवडणूक. एक वार चुकला की पुढचे तीन वार लोक येत नाहीत.

तिसरी टोपली शहराची: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मोडलेलं हाड, कर्करोग, स्मृतिभ्रंशाचं निदान. इथे न्याय म्हणजे रुग्णालय गावात नेणं नव्हे, गावातल्या माणसाचं जाणं-येणं हा सेवेचाच भाग मानणं. मदुराईत डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हे दाखवून दिलं. शिबिरात तपासून ज्यांना शस्त्रक्रिया लागेल त्यांना बसने रुग्णालयात न्यायचं, राहण्या-जेवण्याची सोय करायची आणि परत आणून सोडायचं. शस्त्रक्रिया फुकट असली तरी तिच्यापर्यंत जाणं फुकट नसतं, हे त्यांनी ओळखलं. पुढे त्यांनी लहान गावांत दृष्टी केंद्रं उघडली, जिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ डोळे तपासतो आणि डॉक्टर व्हिडिओवरून सल्ला देतात.

तिसऱ्या टोपलीतली माणसं सर्वांत जास्त हरवतात ती घरी परतल्यावर. रुग्णालय शहरात, माणूस गावात, आणि मध्ये कुणाचीच जबाबदारी नाही. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत औषधं, ‘१० दिवसांनी दाखवा’ आणि एक सही. म्हणून ही साखळी आधीच जुळवा. रुग्णालयातल्या एका नेमक्या व्यक्तीने घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या गटाला फोन करायचा. औषधांचा कागद मोठ्या अक्षरांत, घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत, सकाळ-दुपार-रात्र असा मांडलेला. जुन्या औषधांतली कुठली बंद करायची ते ठळक लिहिलेलं, कारण दोन्ही पिशव्यांतल्या गोळ्या एकत्र घेणं ही रोजची चूक आहे. कमोड खुर्ची किंवा वॉकर माणूस घरी पोहोचण्याआधी घरात. शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या आजीलाही ही साखळी तितकीच लागते. रुग्णालयाच्या दृष्टीने तीही दूरच राहते.

पायरी ५: माणसं आणि त्यांचा वाटेतला वेळ

माझ्या मते सगळी योजना इथे तरते किंवा बुडते. सेवा देणारी माणसं बहुतेक बाया असतात, पगार कमी, काम जड. त्यांना ‘भेटीमागे पैसे’ दिले, तर लांबचं घर म्हणजे नुकसान. दोन घरांमधला तास बिनपगारी गेला की कुणीही शहाणी बाई जवळची घरं धरेल, आणि तिला दोष देता येणार नाही. वाटेतला वेळ हा कामाचा वेळ आहे, त्याचा मोबदला आणि प्रवासखर्च द्या. वाडीवस्तीवरच्या सेवेसाठी याहून परिणामकारक निर्णय मला माहीत नाही.

शक्य तितकी माणसं त्याच परिसरातली घ्या. शहरातून रोज नर्स पाठवण्यापेक्षा गावातली कुणी शिकवून तयार केली तर ती टिकते, रात्री हाकेला धावते आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला सांगावं लागत नाही. तिच्या पाठीशी शहरातला डॉक्टर किंवा नर्स फोनवर हवी, आणि तिच्या रजेच्या दिवशी कोण जाणार हे लिहून ठेवलेलं हवं. एकटीने अनोळखी घरात जाणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेचाही विचार करा: पहिली भेट दोघींनी, बाकीच्या भेटींची वेळ कुणाला तरी कळवलेली.

छोट्या पथकांचं बळ नेदरलँड्समध्ये दिसलं. २००६ मध्ये योस द ब्लोक यांनी सुरू केलेल्या ‘ब्यूर्टझोर्ग’ या घरी जाऊन शुश्रूषा देणाऱ्या संस्थेत जास्तीत जास्त १२ नर्सचं पथक एका परिसराची जबाबदारी घेतं आणि कुणाकडे किती वेळा जायचं, वेळापत्रक कसं लावायचं हे स्वतःच ठरवतं. वरून मिनिटं मोजणारं कुणी नसतं. एका माणसाकडे रोज वेगळा चेहरा येण्यापेक्षा ओळखीचे दोन-तीन चेहरे आले, तर स्मृतिभ्रंश असलेल्यांना केवढा आधार मिळतो हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना पटेल.

स्वयंसेवकांच्या बळावर काय उभं राहतं याचं उदाहरण केरळचं. मलप्पुरम आणि आसपासच्या भागात २००० च्या सुमारास वेदनाशामक सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणारी काळजी) शेजारी-जाळं विणलं गेलं. साधी माणसं प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले दोनेक तास द्यायची, अंथरुणावर असलेल्यांना शोधायची, घरी जायची. डॉक्टर आणि नर्स त्यांच्या मागे. २००८ मध्ये राज्याने वेदनाशामक सेवेचं धोरण आणलं आणि स्थानिक स्वराज्य संस्था घरभेटींत सामील झाल्या. यातून घ्यायचं ते हे, की स्वयंसेवक शोधतात, सोबत करतात, पाठपुरावा करतात. मलमपट्टी आणि नळी बदलण्याचं पगारी काम त्यांच्या गळ्यात मारलं, तर वर्षभरात ते गळून जातात.

घरात सांभाळणाऱ्यांना विसरू नका. जर्मनीत १९९५ पासून असलेल्या शुश्रूषा विम्यात सेवेऐवजी रोख रक्कम घेऊन घरच्याच माणसाकडून काळजी घेण्याचा पर्याय आहे, आणि ठरावीक अटींत सांभाळणाऱ्याच्या पेन्शनचे हप्तेही विमा भरतो. एवढं आपल्या हाती नसेल, पण महिन्यातून दोन दुपारी कुणीतरी घरी बसून सांभाळणारीला मोकळं करणं बहुतेक गटांना जमतं. ती झोपेल, बाहेर जाईल, नुसती बसेल. हिशेब मागू नका.

पायरी ६: फोन आणि स्क्रीन

दूरच्या गावाला यातून खरंच फायदा होतो, पण एक नियम पक्का ठेवा: ऑनलाइन हा एकमेव रस्ता कधीही नसावा. नाव नोंदवायला अॅप असेल तर साधा फोनही चालावा, आणि फोनही नसेल तर कुणाच्या हाती दिलेली चिठ्ठीही. व्हिडिओवर डॉक्टर असतील तेव्हा वृद्धाच्या शेजारी शिकवलेला माणूस हवा: स्क्रीन धरायला, ऐकू न आलेलं कानाशी पुन्हा सांगायला, पाय दाबून सूज दाखवायला. पाठपुरावा, औषधांतला बदल, जखमेचा फोटो पाहून सल्ला यांना हे पुरतं. पहिलं निदान, पडल्यानंतरची तपासणी आणि अचानक आलेलं बरळणं यांना प्रत्यक्ष पाहणंच लागतं.

पायरी ७: पैशाचं वाटप

इंग्लंडमध्ये १९७६ साली निधी-वाटप समितीने आरोग्याचा पैसा ‘गेल्या वर्षी किती दिला’ यावरून न देता लोकसंख्या आणि तिची गरज यांवरून वाटावा असं सुचवलं. छोट्या गटालाही हेच तत्त्व वापरता येतं. प्रत्येक परिसरातल्या वृद्धांची संख्या घ्या, अंथरुणावर असलेल्यांना आणि एकट्या राहणाऱ्यांना जास्त वजन द्या, मग पायरी ३ मधून निघालेल्या प्रवासाच्या वेळेचं वजन लावा. गणित एका कागदावर मावेल एवढं सोपं ठेवा आणि सर्वांना दाखवा. प्रवासाचा खर्च ‘इतर’ या सदरात लपवू नका. कात्री लागते ती आधी ‘इतर’लाच. सेवेसाठी नाममात्र शुल्क घ्यायचं असेल तर दारात घेऊ नका. पैसे नाहीत म्हणायला संकोचणारी माणसं औषध घ्यायचं टाळतात आणि कारण सांगत नाहीत.

पायरी ८: कुणाला नाही मिळालं ते मोजा

‘महिन्यात ४०० घरभेटी’ या आकड्याने कुणालाही बरं वाटेल. त्या ४०० पैकी ३६० जवळच्याच घरांत झाल्या असतील तरी आकडा तोच राहतो. म्हणून प्रत्येक आकडा फोडून मांडा: शहर आणि गाव, बायका आणि पुरुष, एकटे आणि कुटुंबातले. आणि सगळ्यांत लांबच्या एक चतुर्थांश घरांचा वेगळा. विनंती आल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस गेले, ठरलेल्या किती भेटी झाल्याच नाहीत, रुग्णालयातून आलेल्या किती जणांकडे २ दिवसांत कुणी गेलं, एवढे तीन आकडे नीट ठेवले तरी पुरे. लांबच्या घरांचे आकडे जवळच्यांच्या मागे पडत असतील, तर पुढच्या महिन्यात नवं नाव नोंदवण्याआधी ती दरी भरा.

दर तीन महिन्यांनी गटातल्या सर्वांत वरच्या माणसाने यादीतल्या शेवटच्या १० घरी स्वतः जावं. आधी कळवून नव्हे.

तक्रारपेटीवर मात्र विसंबू नका. जिच्या हातून पाणी प्यायचं, तिची तक्रार कोण करेल? उद्या ती आलीच नाही तर, ही भीती शहरातल्या बंद फ्लॅटमध्येही असते आणि गावातल्या पडवीतही. त्यामुळे विचारायला दुसरं कुणीतरी जावं, सेवा देणारी समोर नसताना, आणि ‘सगळं ठीक आहे ना?’ असं कधीच विचारू नये. ‘मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी कुणी आलं नाही? त्या दिवशी तुम्ही काय केलंत?’ असं विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.